घर कसं आहे, ते सांगा

आर्विड टॉलफसनने टेबलावर चिठ्ठी चिकटवली, दोन पावलं मागे सरकला आणि मोठ्याने वाचली, “मेसा.” मग खिडकीवर चिकटवली. “बेन्ताना.” एकाहत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला, आणि जूनच्या भर सकाळी स्वतःच्याच घरातल्या सामानाला स्पॅनिश नावं सांगत फिरतोय! कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, गेलं म्हाताऱ्याचं डोकं. पण पाहणार कोण? शेजारचं घर गेली तीन वर्षं बंद. आणि अमेरिकेच्या थंड उत्तर टोकाकडच्या आमच्या नॉर्डबी गावात लोक दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावत नाहीत. डोकावले तरी कबूल करत नाहीत.

हा उद्योग त्याने हौसेने काढला नव्हता. त्याची बायको मार्लिस सहा वर्षांपूर्वी गेली. मग मुलगा कर्टिस, सून येसेनिया आणि नात नायेली त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा घर पुन्हा जरा नांदतं झालं. आणि दोन वर्षांपूर्वी जानेवारीत कर्टिसची गाडी बर्फावरून घसरली. तो गेला. वसंतात येसेनिया पोरीला घेऊन टेक्सासला, लारेडोला आपल्या बहिणीकडे गेली. तेव्हापासून आर्विड एकटा. सकाळी रेडिओ लावतो तो हवामान ऐकायला म्हणून, पण हवामान सांगून झालं तरी बंद करत नाही.

मे महिन्यात येसेनियाचा फोन आला.

“बाबा, बहिणीच्या नवऱ्याची बदली झालीय. जुलैअखेर ही जागा सोडायची आहे.”

“अस्सं,” आर्विड म्हणाला.

“सान अँटोनियोला माझा मामेभाऊ आहे, त्याच्या शेजारी दोन खोल्या मिळतायत. नाहीतर... नाहीतर तुमच्याकडे. टर्की कोंबड्यांच्या कारखान्यात मला परत घेतील, विचारून ठेवलंय. पण आता आई माझ्याजवळ असते. तिला सोडून मी कुठे जायची नाही.”

आर्विडने हातातला कप खाली ठेवला. तोंडाने मात्र एवढंच म्हणाला, “जागा आहे की.”

“तेच मी आईला सांगितलं. घर छान आहे, मी राहिलेय तिथं. तर म्हणते, तुला छान वाटतं गं, पण घर ज्यांचं आहे त्यांना काय वाटतं? त्यांच्या तोंडून घराचं ऐकते, मग ठरवते. आणि बाबा, तिला स्पॅनिशशिवाय ओ की ठो कळत नाही. तुम्ही बोलाल तिच्याशी?”

“बोलेन की. त्यात काय.”

त्यात काय! स्पॅनिशमधले त्याला तेव्हा चार शब्द येत होते आणि चारही खाण्याचे. विहीणबाईंचं नाव एउलालिया. कर्टिसच्या लग्नात दोघं एका टेबलावर बसले होते. दिवसभर एकमेकांकडे बघून मान डोलावत होते, एवढाच काय तो संवाद. आता त्याच बाईंच्या ‘हो’वर सगळं येऊन ठेपलं होतं. त्या आल्या तर येसेनिया येणार, येसेनिया आली तर नायेली येणार, आणि मग जिन्यावरून धडाधड उतरल्याचा आवाज पुन्हा ऐकू येणार. आर्विडने दुसऱ्याच दिवशी वाचनालयात जाऊन वर्गात नाव घातलं.

वर्ग दर मंगळवारी संध्याकाळी सहाला, वाचनालयाच्या तळघरात. शिकवायला ग्रासिएलाबाई. मूळच्या सीमेपलीकडच्या चिवावाच्या, बावीस वर्षं नॉर्डबीत, आणि तरीही आवाज कमी करायला काही शिकल्या नाहीत. शिकायला आर्विड, दवाखान्यातली नर्स बेव्ह आणि दोनशे गाईंचा मालक ड्वेन. ड्वेनच्या गोठ्यात दूध काढणारे सगळे होंडुरासचे, म्हणून तो आलेला.

“आजपासून घर,” बाई म्हणाल्या. “खोल्या, सामान, कुठे काय आहे.”

“मला घरबिर नको बाई,” ड्वेन म्हणाला. “चौदा नंबरची गाय लाथ मारते, हे कसं सांगायचं तेवढं शिकवा.”

“आधी घर, मग गाय.”

“माझी बायकोही हेच म्हणते. तिचं तरी कुठं ऐकतो मी?”

घर म्हणजे कासा. स्वयंपाकघर, कोसिना. अमुक एक आहे असं म्हणायचं तर ‘आय’. कोसिनात टेबल आय, टेबलावर दिवा आय. इथपर्यंत आर्विडला बरं वाटलं. पुढे बाईंनी सांगितलं की ‘असणं’ याला त्यांच्याकडे दोन क्रियापदं. एक मुळातच असणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे घर मोठं असणं, दगडाचं असणं. आणि दुसरं सध्या असणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे दार उघडं असणं, खोली घाण असणं.

आर्विड वर्गात सहसा तोंड उघडत नसे. त्याने हात वर केला.

“घर रिकामं आहे, असं म्हणायचं तर कुठलं?”

“दुसरं. सध्याचं.”

“दोन वर्षं झाली तरी?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “वीस झाली तरी,” त्या म्हणाल्या. आर्विडने वहीत तसं लिहून घेतलं.

मध्ये दहा मिनिटं सुटी. बेव्हने लिंबाच्या वड्या करून आणलेल्या. आता आमच्याकडची तऱ्हा अशी की ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. बेव्हने तिचा अर्धा तुकडा घेतला. ड्वेनने उरलेल्याचा अर्धा. आर्विडने त्याचा अर्धा कापला. ताटात नखाएवढा तुकडा राहिला आणि तिघं त्याच्याकडे न बघता उभे. बाई आल्या, तुकडा उचलला, तोंडात टाकला. “तुम्ही माणसं उपाशी मराल हो,” म्हणाल्या, “पण मागणार नाही.”

महिनाभर आर्विड घरभर बोलत फिरला. जिना चढताना जिन्याला सांगायचा की तू जिना आहेस. मोजे कपाटात ठेवताना कपाटाला. कधीकधी स्वतःचाच आवाज ऐकून दचकायचा, कारण त्या घरात दुपारी तीन वाजता कुणी बोलल्याला फार दिवस झाले होते. मग जरा वेळ गप्प बसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. वरची बागेकडची खोली नायेलीची. तिथे तिची चिमुकली खाट अजून तशीच होती, पण पोरगी आता आठ वर्षांची झाली, पाय बाहेर आले असते. त्याने मोठी खाट आणली, भिंतीला रंग दिला. पिवळा घेतला. दुकानदाराने विचारलं, “काय आर्विड, कुणी येणार वाटतं?” तर म्हणाला, “नाही रे, भिंतीचा रंग जरा उतरला होता.”

जूनच्या शेवटच्या रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने फोन लावला. अंगावर चर्चचाच कोट. समोर वहीचं पान, त्यावर मोठ्या अक्षरात बारा वाक्यं, सगळी आपली आपण जुळवलेली. बाईंना दाखवली नव्हती, परीक्षेत नक्कल केल्यासारखं वाटलं असतं.

येसेनियाने फोन आईकडे दिला. “आर्विडराव, कसे आहात?” विहीणबाई म्हणाल्या. आवाज म्हातारा, पण गोड.

“बरा आहे. तुम्ही बऱ्या आहात?” हे त्याला सहज जमलं, म्हणून उमेद आली. त्याने पान धरलं आणि सावकाश वाचायला लागला. “माझं घर जुनं आहे. स्वयंपाकघर लहान आहे. न्हाणीघर एकच आहे. जिना अरुंद आहे. हिवाळा फार थंड असतो. बर्फ खूप पडतं. दुकान लांब आहे.” अशी अकरा. आणि शेवटी, “घर काही फार वाईट नाही.”

हे शेवटचं वाक्य म्हणजे आमच्याकडची स्तुतीची परिसीमा. कुणी नवी गाडी घेतली तर म्हणतो, चालते. पोरगी राज्यात पहिली आली तर बाप म्हणतो, झाली पास. आपल्या वस्तूला आपल्या तोंडाने चांगलं म्हणणं म्हणजे उघडं फिरण्याइतकं वाईट. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं, आणि नॉर्डबीत प्रत्येक जण समजून घेतो. आर्विडचं घर जुनं म्हणजे भक्कम, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

पान वाचून संपलं. मग विहीणबाईंनी विचारलं, “घरात ऊन येतं का हो?”

प्रश्न कळला! पहिल्या झटक्यात कळला! आर्विडला इतका आनंद झाला की उत्तराकडे त्याचं लक्षच गेलं नाही. त्याच्या स्वयंपाकघरात सकाळी सहाला ऊन शिरतं ते दुपार होईपर्यंत हलत नाही. तो म्हणाला, “थोडं.”

“झाडं?”

“एक-दोन.” मेपलचीच अकरा होती.

“आणि तुम्ही एकटेच असता?”

“हो. पण ठीक आहे. सवय झाली.”

“फार आभार, आर्विडराव,” विहीणबाई म्हणाल्या. “देव तुमचं भलं करो.”

फोन ठेवून आर्विड कोट न काढता तसाच बसून राहिला. एकही शब्द अडला नव्हता. इतका खूश तो कर्टिसच्या जन्मानंतर झाला नसेल. संध्याकाळी ड्वेनला मुद्दाम फोन करून सांगितलं, “बोललो रे.” ड्वेन म्हणाला, “मग?” आर्विड म्हणाला, “बरं झालं.” दोघांनाही त्याचा अर्थ बरोबर कळला.

चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात वर्ग बंद होता. त्यानंतरच्या मंगळवारी बाईंनी एकेकाला उभं केलं. आपापल्या घराचं वर्णन करा. ड्वेनने घराऐवजी गोठ्याचं केलं. मग आर्विड उठला आणि तेच पान घडाघडा म्हणून दाखवलं. बेव्हने टाळ्या वाजवल्या. “किती छान घर वाटतं रे!”

बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. “आर्विडराव, एक चूक नाही. पण घर जळून गेल्यावर विमा कंपनीला सांगताय का हे?”

“नाही, मी सुनेच्या आईला सांगितलं. त्या राहायला यायच्यात ना.”

“हे सांगितलंत? अस्संच्या अस्सं?”

“शेवटी ‘फार वाईट नाही’ असंही म्हणालो.”

ग्रासिएलाबाई खुर्चीत बसल्या. बावीस वर्षांत आमच्या लोकांनी त्यांचं डोकं अनेकदा फिरवलं होतं, पण असं नाही. “अहो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज तिघांनी पहिल्यांदाच ऐकला. “आमच्याकडे माणसाला बोलवायचं तर म्हणतात, या, हे घर तुमचंच. पडकी झोपडी असली तरी असंच म्हणतात. तुम्ही त्या बाईंना एकेक करून बारा कारणं दिलीत न येण्याची.”

“पण ते खोटं कुठं...” बेव्ह म्हणाली.

“आपल्या घराला चांगलं कसं म्हणणार?” ड्वेन म्हणाला. त्यालाही खरोखर कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः घरी आल्या. दारातच थबकल्या. स्वयंपाकघर उन्हाने भरून गेलेलं, खिडकीबाहेर अकरा मेपल, वर चार खोल्या, त्यातली एक नवी कोरी पिवळी. बाई सगळं बघून खाली आल्या आणि म्हणाल्या, “लबाड माणूस! बसा. लिहा. माझं घर मोठं आहे.”

“तसं मोठं,” आर्विड म्हणाला.

“तसं नाही. मोठं.”

त्याने लिहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. स्वयंपाकघरात भरपूर ऊन येतं. बागेत झाडं आहेत. तुमच्यासाठी खाली खोली आहे, जिना चढावा लागणार नाही. नायेलीच्या खोलीला मी पिवळा रंग दिला. हे घर तुमचंच आहे. शेवटचं वाक्य बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, “आणि? तुम्हाला काय हवंय?” आर्विडने बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली, मग लिहिलं, मला तुम्ही सगळ्या इथे हव्या आहात. बाईंनी एक अक्षर सुधारलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कामावर निघून गेल्या.

येसेनिया कामावरून तीनला येते. आर्विडने तीन वाजून पाच मिनिटांनी फोन लावला.

“बाबा? बरं झालं, मी करणारच होते,” ती घाईघाईने म्हणाली. “सान अँटोनियोची जागा घेतली आम्ही. शुक्रवारी करारावर सही केली, वर्षाचा आहे. नायेलीचं नाव पण घातलं शाळेत.”

आर्विडच्या हातात कागद तसाच होता.

“आई म्हणाली, माणूस फार भला आहे. तोंडावर नाही म्हणवत नाही त्यांना, म्हणून एकेक उणं सांगितलं बिचाऱ्यांनी. आपण त्यांना संकोचात नको टाकायला.” ती हसल्यासारखं काहीतरी करत होती. “मलाही तसंच वाटलं, बाबा. मला घर माहीत आहे ना. ऊन थोडं म्हणालात, तेव्हा कळलंच मला, आम्ही यावं असं तुमच्या मनात नाही.”

“जरा विहीणबाईंना फोन दे,” आर्विड म्हणाला.

“आता कशाला, बाबा...”

“दे.”

आणि त्याने कागद वाचला. आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत वाचला. मोठं घर, ऊन, झाडं, खालची खोली, पिवळा रंग. दोनदा अडखळला. ‘हव्या आहात’वर आवाज फाटला, पण वाचलं.

विहीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या उन्हात कोण बसतं, आर्विडराव?”

“कुणी नाही,” तो म्हणाला. त्याला हे कागदात बघावं लागलं नाही.

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. “काय सांगितलंत तिला? आई रडतेय,” येसेनिया म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. “आता काय करायचं, बाबा? सही झालीय. वर्षभर तरी हलता येणार नाही. चालेल ना तुम्हाला?”

“चालेल” हा शब्द जिभेवर आलाच होता. आयुष्यभर तोच येत आला होता, टँकर बर्फात रुतला तेव्हाही आणि डॉक्टरांनी मार्लिसचं सांगितलं तेव्हाही. आर्विडने तोंड मिटलं.

“नाही,” तो म्हणाला. “नाही चालत. मला इथं एकट्याला राहवत नाही, येसेनिया.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“मी निघाले त्या दिवशी का नाही म्हणालात हे?” ती म्हणाली. “तुम्ही टायरची हवा बघितलीत, तेल बघितलंत, नकाशावर बोट ठेवून सांगितलंत, पस्तीस नंबरचा रस्ता धर, सरळ लारेडोला जातो. मी अर्धा तास किल्ली न फिरवता अंगणात गाडीत बसले होते, बाबा. नायेली विचारत होती, आई, आपण का जात नाही. थांब, एवढं एकदा म्हणाला असतात तर मी गेले नसते.”

आर्विडला तो अर्धा तास चांगला आठवत होता. पडद्याआड उभं राहून तो अंगणातल्या गाडीकडे बघत होता, हातात दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडायच्या वायरी घेऊन.

“मला वाटलं, बॅटरी उतरली असेल,” तो म्हणाला.